तुरीची सहा पोती आणि माल्टाचा बाजार

गेल्या वर्षी जवळजवळ नऊ महिने आमच्या पुढच्या खोलीत तुरीची सहा पोती भिंतीला टेकून उभी होती. पाहुणा आला की आधी पोत्यांना वळसा, मग खुर्ची. रोज झाडताना मी त्यांना दोन शब्द सुनावत असे, आणि ते शब्द पोत्यांसाठी नाहीत हे ज्याला कळायचं त्याला कळत असे.

"इकून टाका ना आता," मी म्हणायची.

"राहू दे," पोरीचे बाबा म्हणायचे. "तिले परत यावंसं वाटलं तं तिकिटाले लागतीन."

पोर म्हणजे आमची एकुलती एक लेक. ती नर्स आहे. खामगावच्या एका दवाखान्यात चार वर्षं नोकरी केली आणि मार्चमध्ये तिला माल्टाहून पत्र आलं. समुद्राच्या मधोमध असलेला हा एवढासा देश. तो नकाशात सापडावा म्हणून मी शाळेतलं भिंग घरी आणलं होतं. तिथल्या एका वृद्धाश्रमात काम, दोन वर्षांचा करार, आणि उत्तर दहा दिवसांत द्यायचं होतं. मी मोताळा तालुक्यातल्या एका गावात चौथीचा वर्ग शिकवते. पोरीचे बाबा अडीच एकरात भाजीपाला आणि थोडी तूर घेतात, आणि मोताळ्याच्या आठवडी बाजारात स्वतः बसून भाजी विकतात. पगाराचा आकडा त्यांनी ऐकला न ऐकल्यासारखा केला.

"पगार तं सारेच सांगतात बाई," ते लेकीला म्हणाले. "खर्च किती लागते ते सांग. तेथी राहनं परवडते का, ते पाह्य. परवडलं तं जाय."

त्यांनी नाही म्हटलं असतं तर ती गेली नसती, तशीच आहे ती. आणि तिनं जावं असं मला फार वाटत होतं. मी स्वतः लग्नाआधी बुलढाण्याच्या पुढे पाऊल टाकलं नव्हतं आणि लग्नानंतर टाकलं ते मोताळ्यापर्यंत.

म्हणून मी शाळेची एक कोरी वही घेतली. पानाच्या मधोमध रेघ ओढली, डावीकडे 'इथे' लिहिलं, उजवीकडे 'तिथे'. उजवा रकाना भराभर भरला, कारण लेकीच्या नर्सिंग कॉलेजातली एक सीनियर तीन वर्षांपासून माल्टातच होती आणि तिला सगळे भाव तोंडपाठ होते. खोलीचं भाडं ऐकून मी पेन खाली ठेवलं. तेवढ्यात आमच्या गावात अख्खं घर वर्षभर मिळालं असतं, वर मालकानं चहा पाजला असता. पिण्याचं पाणी बाटल्यांमधून विकत.

"चारी मेर समुद्र आन् पाणी इकत?" पोरीचे बाबा म्हणाले.

"आपल्या खारपाणपट्ट्यातले लोक काय करतात?" मी विचारलं. "विहिरीत पाणी हाये, पेता येते का? जारच आनतात ना?"

हे त्यांना पटलं. बसचं कार्ड काढलं की बस फुकट, हे तर फारच पटलं. आमच्या एसटीत बायकांना अर्धं तिकीट, तिथं सगळ्यांना माफ. त्या देशाला त्यांच्याकडून तिथेच दोन गुण मिळाले.

पंचाईत झाली ती डाव्या रकान्यात. 'भाजी' लिहिलं आणि पुढे काय लिहावं कळेना. भाजी घरची. ताक? शेजारच्या वहिनींकडून येतं, आमच्याकडून त्यांना वांगी जातात. लिंबं? मागच्या गल्लीतल्या चाचींच्या झाडाची. शेवग्याच्या शेंगा, कढीपत्ता, घोळाण्यासाठी हरभऱ्याचा कोवळा पाला, हुरडा, सगळं कुणाकुणाच्या शेतातून आलेला वानोळा. आमच्याकडे शेतात नवं काही निघालं की चार घरी पाठवायचं आणि ज्या वाटीत, ज्या पिशवीत कुणी आपल्याकडे पाठवलं, ती रिकामी परत करायची नाही, निदान दोन मिरच्या तरी टाकायच्या. ही रीत इतकी अंगवळणी पडली आहे की ती हिशेबात धरायची असते हे मला ठाऊकच नव्हतं. शेवटी डाव्या रकान्यात राहिलं काय, तर गॅस, वीज, चहा, साखर, तेल आणि मोबाइलचा रिचार्ज. तीस वर्षं संसार करून, वर मुलांना गणित शिकवून, आमचं घर किती रुपयांत चालतं हे मला सांगता येईना. मी 'लिंबं' लिहून पुढे 'चाचींची' एवढंच लिहिलं.

"हा रकाना असा कसा?" लेक हसायला लागली. "आई, चौथीच्या पोरानं असं लिहलं तं तू मार्क देशीन का?"

शनिवारी त्या सीनियरनं तिथल्या बाजारातून व्हिडिओ कॉल लावला. पोरीचे बाबा अंगणातल्या खाटेवर फोन धरून बसले, डोक्याला रुमाल, पाय वर, जणू समोर भाजीचा ढीगच आहे. पलीकडे टोपी घातलेला एक जाडजूड भाजीवाला दिसत होता. फुलकोबी पाहून यांनी मान डोलावली. गड्डा चांगला होता.

"इचार त्याले, तीन घेतले तं कितीले देशीन?"

सीनियरनं विचारलं. तो माणूस हसला आणि पाटीकडे बोट दाखवलं. भाव पाटीवर लिहिलेला होता.

"भाव करतच नाही हा? मंग गिऱ्हाइकाशी बोलते तरी काय?" त्यांना त्या माणसाची कीव आली. "बरं, फुलकोबी घेतल्यावर सांबार किती टाकते, ते इचार."

सांबार म्हणजे पुण्याकडची कोथिंबीर. आमच्या बाजारात पाव किलो वांग्यांवरही दोन काड्या सांबार आणि एक-दोन मिरच्या वरून पडतात. मागाव्या लागत नाहीत.

"नाही काका," सीनियर म्हणाली, "जुडीचे वेगळे पैसे पडतात. ते पाहा ना, किंमत लिहेल हाये."

पोरीचे बाबा फोन लेकीच्या हातात देऊन गुरांना पाणी दाखवायला निघून गेले.

संध्याकाळी मी बेरीज केली, दोनदा तपासली. भाडं, पाणी, वीज, जेवण सगळं जाऊन पगारातलं बरंच उरत होतं. मी वही त्यांच्यापुढे ठेवली. "घ्या. हातच्या कांकणाला आरसा कशाला? परवडते."

"गणित बरोबर हाये तुहं," ते म्हणाले. "पन जेथी दोन काड्या सांबारही इकत घ्या लागते, तेथी आपल्या पोरीले कोन इचारन? आजारी पडली तं? सारं पैशानंच भेटते म्हनजे मानसं कशे असतीन तेथले?"

आता मला राग आला होता. भाडं महाग आहे म्हणाले असते तर मी भांडले असते. ह्याच्याशी कसं भांडणार? मी म्हटलं, "पोर तुमचीच हाये. जाईन तेथी चार मानसं जोडन." लेक दारात उभी राहून ऐकत होती. ती आत येऊन त्यांच्या शेजारी बसली. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "जाय. पन तूर मी इकत नाही. मन नाही लागलं तं एक फोन करजो, पोती काढतो आन् तिकीट पाठवतो."

अशी ती पोती पुढच्या खोलीत राहिली.

एप्रिलमध्ये मी कुरडया घातल्या. तीन दिवस गहू भिजवून, चीक काढून, पहाटे शिजवून, ऊन चढायच्या आत गच्चीवर साऱ्या शेजारणींनी मिळून पाडल्या. एक मोठा डबा लेकीसाठी गच्च भरला. विमानात तीस किलो न्यायची परवानगी होती. पोरीचे बाबा म्हणाले, वजनाचं माझ्याकडे. अंगणातल्या कडुनिंबाच्या फांदीला त्यांनी बाजारातला मोठा तराजू टांगला, एका बाजूला बॅग, दुसरीकडे वीस आणि दहाची वजनं. "बरोबर तीस," ते म्हणाले. भाजी मोजण्यात त्यांची उभी हयात गेली, कोण शंका घेणार?

मुंबईच्या विमानतळावरून लेकीचा फोन आला. तिथल्या काट्यावर बत्तीसच्या वर भरलं होतं.

"मशीन खराब असन त्यायचं," पोरीचे बाबा म्हणाले. मग माझ्याकडे न बघता गालातल्या गालात हसू लागले. बाजारात त्यांचा काटा कधीच बरोबर उभा राहिला नाही. माल खाली झुकल्याशिवाय त्यांना तोललं असं वाटतच नाही. लोक त्यांच्याकडे येतात ते त्यासाठीच. त्यांनी लेकीच्या बॅगलाही झुकतं माप दिलं होतं. मी इतकी हसले की डोळ्यांतून पाणी आलं, आणि त्यातलं थोडं पाणी हसण्याचं नव्हतं.

लेकीनं रांगेतच बॅग उघडली. पोचवायला आलेल्या मामेभावाच्या हातात नवं स्वेटर, जाड चादर आणि बूट दिले.

"कुरोड्या काढायच्या ना," मी फोनवर ओरडले.

"आई, स्वेटर तेथी इकत भेटते," ती म्हणाली. "कुरोडी नाही भेटत."

पुढचे महिने आमच्या घरात माल्टाचे भाव चालू झाले. लेक फोनवर काय खाल्लं ते सांगे, आणि तिचे बाबा कितीला पडलं ते विचारत. मग बाजारात गिऱ्हाइकांना ऐकवत. "घ्या काकू, भेंडी घ्या. माल्टात एवढ्या पैशात चार भेंड्या येतात, त्याबी मोजून." ऑगस्टमध्ये तिनं फोटो पाठवला : निवडुंगाची लाल बोंडं, टोपलीत रचलेली, वर भावाची पाटी. हे पाहून मात्र ते खाटेवरून उठलेच. आमच्या धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, ती बोंडं पाखरं खातात. त्या आठवड्यात त्यांनी तो फोटो सगळ्या बाजाराला दाखवला आणि धुऱ्यावरचा निवडुंग तोडायचा बेत रद्द केला.

लेक आनंदात होती, निदान आवाजावरून तसं वाटे. पण फोन ठेवताना हे दर वेळी विचारत, "कोनी येतं-जातं का तुह्याकडे?" ती म्हणे, "सारे आपापल्या कामात असतात बाबा." आणि मग ते पोत्यांकडे बघत. पावसाळ्यात तुरीला किडा लागू नये म्हणून त्यांनी कडुनिंबाचा पाला घातला, उघडीप मिळाली की ऊन दाखवलं, पुन्हा भरली. तुरीची एवढी बडदास्त मी आयुष्यात पाहिली नव्हती.

दिवाळी होऊन आठ-दहा दिवस झाले असतील. दुपारी आम्ही दोघं ओसरीत मिरच्या निवडत होतो आणि लेकीचा फोन आला. ती राहते त्या घराची मालकीण खालच्या मजल्यावर एकटीच राहते. ऐंशीच्या पुढची म्हातारी, अंगणात लिंबाचं झाड. सकाळी लेक कामाला निघाली तर दाराच्या कडीला कापडी पिशवी अडकवलेली आणि पिशवीत सात-आठ लिंबं.

"मले वाटलं कोनी इसरून गेलं," लेक सांगत होती. "खाली घेऊन गेली तं म्हातारी हातानंच सांगते, तुलेच हाये, तुलेच."

पोरीच्या बाबांच्या हातातली मिरची हातातच राहिली. "पिशवी वापस केली का?"

"कोनती पिशवी?"

"लिंबाची. रिकामी देऊ नको बाई."

"मले ठाऊक हाये बाबा," ती म्हणाली. "डब्यात आठ कुरोड्या उरल्या होत्या. दिली भरून."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मिरच्यांकडे पाहिलं, कारण मिरच्या निवडताना डोळे पुसले तर कुणी काही विचारत नाही.

दोन दिवसांनी पुन्हा फोन. म्हातारी पातेलं घेऊन जिना चढून आली होती. तिनं माझ्या कुरडया तळल्या नव्हत्या, त्यांचे तुकडे करून सुपात शिजवल्या होत्या, शेवयांसारख्या. माझा तीन दिवस भिजवलेला गहू, माझी गच्चीवरची पहाट, सगळं सुपात. मी कपाळावर हात मारला.

"पन चांगलं लागते आई," लेक हसत म्हणाली. "दोघी संगंच जेवलो. ते मले रोज ये म्हनते."

"आन् पातेलं?" पोरीचे बाबा.

"पातेलं माह्याकडे हाये. उद्या उपमा करून देतो त्याच्यात."

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात टेम्पो उभा होता. मी म्हटलं, आता भाव पडलेले आहेत, महिनाभर थांबा. नऊ महिने मी विका विका म्हणत होते आणि आता मीच थांबा म्हणत होते. त्यांनी ऐकलं नाही, तूर घेऊन खामगावला गेले. मी खोली झाडली, कोपऱ्यातला निंबाचा वाळका पाला गोळा केला आणि ती वही काढली. 'तिथे'च्या रकान्यात लिंबाचा भाव लिहिलेला होता. तो खोडला आणि लिहिलं, 'म्हातारीची.' खूप दिवसांनी मला अगदी निवांत वाटत होतं.

वही ठेवायला गेले तर दारामागे एक पोतं उभंच. संध्याकाळी ते आले तेव्हा मी विचारलं, "पाचच नेली? हे कायले ठेवलं आता? पोरगी काही परत येऊन नाही राह्यली."

"माहीत हाये," पायातल्या चपला काढत ते म्हणाले. "याची डाळ करून ठेव. त्या म्हातारीचं पातेलं पोरगी रोज कायनं भरन?"