तात्यांचा बदलता पत्ता

मिलिंद सर गेले त्याला दीड महिना झाला. बारामतीच्या आमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये मुलांना शिकवता शिकवता ते खुर्चीत बसले, ते पुन्हा उठलेच नाहीत. दवाखान्यातून मी त्यांची बॅग न्यायला परत आले तेव्हा त्यांचा संगणक चालूच होता. पडद्यावर त्यांचं कळस गावातलं घर दिसत होतं, आणि दाराकडे तोंड करून बसलेले त्यांचे वडील, तात्या...

तात्या वालचंदनगरला कारखान्यात फिटर होते. बायको गेल्यावर त्यांना विसर पडू लागला. सरांनी लग्न केलं नव्हतं. घरच्या संगणकाला कॅमेरा जोडून ते इथून वडिलांवर लक्ष ठेवायचे. एकदा लाइट जाऊन आली, घरच्या इंटरनेटचा पत्ता बदलला आणि इथला पडदा काळा झाला. सर घरी पोचेपर्यंत तात्या जेवणाचा जुना डबा घेऊन वालचंदनगरच्या रस्त्याला लागले होते. एका दूधगाडीवाल्याने त्यांना परत आणलं. "ड्यूटी हाय माजी, सोडा मला," म्हणून ते हात झटकत होते.

त्याच आठवड्यात सरांनी प्रोग्रॅम लिहिला. मला म्हणाले, "मॅडम, संगणकाला फक्त घरातला पत्ता माहीत असतो. बाहेरचं जग त्याला कोणत्या पत्त्यावर बघतं, ते त्याला बाहेरच्याच कुणाला तरी विचारावं लागतं." तो प्रोग्रॅम दर पाच मिनिटांनी एका वेबसाइटला विचारायचा, मी तुला कुठून दिसतो? उत्तर बदललं की नवा पत्ता मेलने सरांना यायचा, आणि मलाही. "मी तासावर असलो तर तुम्ही बघा," एवढंच म्हणाले होते.

त्या बॅगेत मला डॉक्टरांची चिठ्ठी सापडली. हृदयाच्या तपासणीसाठी दोन दिवस दाखल व्हा, असं लिहिलेलं. चिठ्ठी जुनी होती, घड्यांवर विरलेली. दोन दिवस तात्यांकडे कोण बघेल, म्हणून गेले नसणार. मला विचारलं असतं तर...? अजून राग येतो त्यांचा.

सर गेले त्याच संध्याकाळी त्यांची बहीण प्रज्ञा आणि मी कळसला गेलो. "मिलिंद कुठं हाय?" तात्यांनी विचारलं. प्रज्ञाने सांगितलं. ते ओक्साबोक्शी रडले. तासाभराने पुन्हा तेच विचारलं, तिने पुन्हा सांगितलं, आणि ते पुन्हा तसेच रडले. तिसऱ्या वेळी मीच म्हणाले, "कॉलेजात आहेत, तात्या."

आता तात्या प्रज्ञाकडे, वडगाव निंबाळकरला असतात. ती दिवसभर नोकरीवर असते, म्हणून कॅमेरा आणि सरांचा प्रोग्रॅम मी तिथे बसवून दिला. दुपारी दोनला मी पडदा उघडते. जेवण झालं की तात्या उठतात, कॅमेऱ्यासमोर येतात आणि रिकामं ताट दोन्ही हातांनी वर धरतात. ही सवय सरांनी लावलेली, प्रज्ञा सांगते; ताट दिसलं की ते कॉलेजातून संगणकावर "बरं" म्हणायचे, मग तात्या ताट खाली ठेवायचे. ताट धरून ते बराच वेळ उभे राहतात... कुणीतरी "बरं" म्हणेल म्हणून.