काज्याचा अबोला

"माझं चुकलं" हे आत्याच्या तोंडून ऐकलेला माणूस अजून जन्माला यायचा होता. शिवणाचं दुकान तिने एकटीच्या जिवावर उभं केलं. कापड बेतायचं ते तिनेच. तिच्या कात्रीला कुणी हात लावला की खैर नाही. मी तिचा भाचा, तुरपाईला. काजं करायला कंपनीकडून भाड्याने आणलेला यंत्रमानव होता, म्हणून त्याला सगळे काज्या म्हणायचे.

काज्याने हक्कासाठी अर्ज केला होता. त्याला स्वतःचं मन आहे असं ठरलं, तर तो कुणाच्याच मालकीचा राहणार नव्हता. नाहीतर कंपनी त्याला परत नेऊन त्याच्या सगळ्या आठवणी पुसणार होती. माझा तर जीव टांगणीला लागला होता.

नेमक्या त्याच आठवड्यात एका कोटाच्या दोन्ही बाह्या डाव्या निघाल्या. बेतल्या होत्या आत्याने. गिऱ्हाईक तापलं, तशी ही खुशाल म्हणाली, "ह्या काज्याने, मशीनने कापल्या हो." काज्या शेजारीच उभा होता. तेव्हापासून त्याने तिच्याशी अबोला धरला. काम चोख करायचा, पण तिने हाक मारली की मान खाली.

सुनावणीला निम्मी गिऱ्हाइकं हजर. अबोल्याची कुणकुण लागलेला कंपनीचा वकील आत्याला म्हणाला, "बाई, जरा हाक मारा त्याला."

"काज्या," आत्या म्हणाली. काज्या गप्प.

वकील सुनावणी घेणाऱ्या अधिकाऱ्याकडे वळला. "बघा साहेब, बिघडलंय. कसलं मन नि कसलं काय."

अधिकाऱ्याने काज्यालाच विचारलं, "का बोलत नाहीस?"

"ते त्यांना ठाऊक आहे," काज्या म्हणाला.

एक हट्टी, तर दुसरी महाहट्टी. मला दोघांचाही राग आला. आत्याने एकदा गिऱ्हाइकांकडे पाहिलं आणि ती उठली.

"बिघडला नाही तो, रुसलाय. माझ्या एकटीवर. बाह्या मी कापल्या आणि खापर त्याच्या माथी फोडलं. माझं चुकलं. त्याच्या जागी मी असते तर मीही बोलले नसते."

अधिकारी वकिलाला म्हणाला, "बिघडलेलं यंत्र माणूस बघून गप्प बसतं का हो?" निकाल काज्याच्या बाजूने लागला.

बाहेर आल्यावर आत्या मागे न बघता चालत राहिली. "आता कुठेही जा बाबा. तुला कोण अडवणार?"

काज्या कोपऱ्यापर्यंत आमच्याबरोबर आला. मग म्हणाला, "आत्या, तो कोट तसाच पडलाय. उजवी बाही मी कापू?"

आत्याने डोळे पुसले. दुकानात शिरताच तिने कात्री त्याच्या पुढ्यात ठेवली.

मला ती अजून मिळालेली नाही.