कॅमशाफ्ट शिकवण्याचा ताप

नखांत बसलेलं ग्रीस आणि डोक्यात बसलेला वैताग, दोन्ही घासून जात नाहीत. नगरला मोटार मेकॅनिकच्या वर्गावर मी शिकवायला लागलो तेव्हा वाटलं होतं, आपल्याकडे ज्ञान साठेल. साठले ते किस्से! त्यातले निम्मे एकट्या कॅमशाफ्टचे.

खरं तर प्रकरण साधं. एक फिरता दांडा, त्यावर अंड्याच्या आकाराचे उंचवटे, म्हणजे कॅम. उंचवटा आला की हवा-धुराच्या वाटेवरचा व्हॉल्व्ह ढकलला जाऊन उघडतो, सरला की स्प्रिंग तो बंद करते. संपलं! सांगायला एक तास लागायचा, पटवायला अख्खी टर्म.

* * *

वर्गात भिंगारचे एक हवालदार होते. फौजेतून निवृत्त होऊन शिकायला आलेले, माझ्यापेक्षा वयानं मोठे. मी सांगितलं, "पिस्टन ज्याला फिरवतात त्या क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमशाफ्टचा एकच होतो."

हवालदार ताडकन उभे राहिले. "एकाच गाडीत राहून हा अर्धीच ड्यूटी करतो?"

"हवालदार, त्याला तेवढंच फिरायचं असतं."

"कुणाच्या हुकमावरून?"

मी गिअर दाखवले. दात मोजून दाखवले. फळ्यावर आकृती काढली. हवालदार हलेनात. शेवटी मी ओरडलो, "अहो, कारखान्यानंच तसा बनवलाय!"

त्यांचा चेहरा खुलला. "मग ठीक आहे सर. वरून ऑर्डर आहे!"

* * *

दुसरा नमुना शेवगावचा भानुदास. चांगला बाप्या माणूस, घरी विहिरीवर ऑइल इंजिन. हुशार होता, तोच तर त्रास!

मी कॅमच्या चढाचं महत्त्व शिकवत होतो. "उंचवट्याच्या सुरुवातीला चढ अगदी हळू असतो. बैलगाडी बांधावर सावकाश चढवतो ना, तसा. चढ एकदम उभा ठेवला तर व्हॉल्व्हला दणका बसतो, खटखट आवाज येतो."

भानुदासनं मान डोलवली. मला बरं वाटलं. तिथंच चुकलं माझं.

सुट्टीवरून परत आला तो खुशीतच. "सर, आमच्या इंजिनाची लई खटखट हुती. कॅम काढला आन् चढ कानशीनं घासून आनखी हळू केला."

"मग?"

"आवाज बंद झाला की!"

"आणि इंजिन?"

"त्ये बी."

* * *

एकदा प्राचार्य वर्ग बघायला आले. नवा कोरा पांढरा शर्ट. हवालदारांनी स्टँडवर जीपचं पेट्रोल इंजिन जोडलं होतं. क्रँक आणि कॅम यांच्या गिअरवर कारखान्यानं खुणा केलेल्या असतात. त्या समोरासमोर आल्या तरच व्हॉल्व्ह वेळेवर उघडतात.

मी विचारलं, "खुणा जुळवल्या?"

"जुळवल्या सर! लांबून दिसतात!"

प्राचार्य कौतुकानं वाकून बघायला लागले आणि हवालदारांनी हँडल मारलं. इंजिनानं कार्बोरेटरमधून असा काही फटाका उडवला की शर्टाचं पोतेरं झालं!

मी झाकण उघडलं. गिअरवर ताजा पांढरा रंग.

"हे काय?"

"जुन्या खुणा समोर येत नव्हत्या सर. नव्या मारल्या."

प्राचार्य माझ्याकडे वळले. "तुम्ही हेच शिकवता का?"

* * *

तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले होते. त्यांचं संगमनेरला स्वतःचं गॅरेज. त्यांनी भानुदासला विचारलं, "व्हॉल्व्ह नीट बंद झाला नाही तर काय होईल?"

मी मनात म्हणत होतो, कॉम्प्रेशन म्हण, दाब सुटतो म्हण!

भानुदास म्हणाला, "मालक बोंबलंल."

परीक्षकांनी पैकीच्या पैकी मार्क दिले.

* * *

दुष्काळाच्या साली भानुदास मला त्याच्या भागातल्या एका गावी घेऊन गेला. सरकारी विहिरीवरचं इंजिन ऐन सकाळी बंद पडलं होतं आणि दुसरं पाणी कोसभरात नव्हतं. विहिरीवर बायकांच्या दोन रांगा. गावाचे हंडे भरून झाले की मगच बौद्धवस्तीचे, असा तिथला शिरस्ता.

दुरुस्तीच्या नादात कुणीतरी ते खोलून कॅमचा गिअर एक दात चुकवून बसवला होता. दुपारपर्यंत मी घामानं निथळत तो जुळवला. गावचे पाटील माझ्या डोक्यावर उभे. मी फ्लायव्हीलचं जड चाक हळूहळू फिरवून तपासत होतो, तर पाटील ओरडले, "आरं, धुराचा व्हॉल्व्ह अजून मिटला न्हाई आन् हवेचा उघडाय लागला! चुकलं तुमचं!"

"चुकलं नाही पाटील. थोडा वेळ दोन्ही उघडे राहावे लागतात."

"आसं कसं? आदी पयला धूर पुरता भाईर जाऊ द्या, मंग नव्या हवंला घ्या. रीतच हाय ती!"

माझं डोकं फिरलं. "अहो, जाणारा पुरता जाईपर्यंत येणाऱ्याला दारात अडवून ठेवलं तर इंजिनाला दम पुरत नाही! दोघांना जरा वेळ एकत्र वाट द्यावीच लागते!"

भानुदासनं हँडल मारलं. इंजिन सुरू झालं, हौदात पाणी पडायला लागलं. गावाची रांग पुढं सरकली.

दुसऱ्या रांगेतून एक बाई रिकामा हंडा कमरेवर घेऊन माझ्याजवळ आली. इंजिनाच्या आवाजावर आवाज चढवून म्हणाली, "मास्तर, त्ये मगाचं पुन्यांदा सांगा की. जरा मोठ्यानं."

"कुणाला, बाई?"

"पाटलान्ला."