सात नंबरची चावी

भरमप्पा तळवार गेला त्या दिवशी कुंभार गल्लीला पाणी आले नाही, आणि गावाला त्याच्या मृत्यूची वार्ता मिळाली ती अशी, रिकाम्या घागरींच्या मार्गाने.

त्या गावी पाणी आठव्या दिवशी येते. रस्त्यांच्या पोटात ब्याण्णव झडपा आहेत. त्यांवर डांबराचे थर चढले, घरांच्या पायऱ्या आल्या, एका झडपेवर तर मारुतीचा पार उभा राहिला. त्यांचा नकाशा नगरपालिकेत नव्हता. तो भरमप्पाच्या तळपायांत होता. अनवाणी चालत येई, एके जागी थबके, टाचेने दोनदा ठोके आणि म्हणे, "हिथं." मग छातीइतकी उंच लोखंडी चावी खाली उतरवून तिच्या दांड्याला कान लावी आणि पाण्याची चाहूल लागेपर्यंत डोळे मिटून उभा राही. समाधिस्थ पुरुषाला शोभावी अशी ती स्थिरता बायका मात्र भंग करीत.

"भरमण्णा, झोप लागली काय? आमचं पाणी कधी सोडतोस?"

"तुझ्या सासूनं मागल्या खेपेला दिलेल्या शिव्या मोजतोय. मोजून झाल्या की सोडतो!"

"मग आज काही पाणी येत नाही गं," अशी शेजारीण ओरडे, आणि गल्ली हसे.

अठ्ठावीस वर्षे हे चालले. त्या काळात हजेरीपटावर त्याचे नाव एकदाही लागले नाही. दर वर्षी ठेकेदार बदले, कागदावर माणसे बदलत, आणि पहाटे रस्त्यावर मात्र तोच एक माणूस दिसे. तीन वर्षांपूर्वी त्याने कामगार न्यायालयात अर्ज केला, की मी नगरपालिकेचा माणूस आहे एवढे म्हणा. नगरपालिकेने उत्तर दिले, की या नावाची व्यक्ती आमच्याकडे कधीही कामास नव्हती. ते उत्तर हेडक्लार्क वादिराजाचार गुडी यांनी लिहिले होते.

वादिराजाचारांची विद्वत्ता त्या कचेरीचे भूषण होती. निरोपाचे मानपत्र असो की शोकप्रस्ताव, त्यांची लेखणी लागल्यावाचून पूर्णत्व येत नसे. पहाटे संध्या, मग अर्धा अध्याय पाठ, मग कचेरी. वाणी शुद्ध, धोतराला डाग नाही. कार्तिकात ते निवृत्त व्हायचे होते.

भरमप्पाला मृत्यू आला तो झडपेच्या खड्ड्यात पाय सोडून बसलेला असताना. दूधवाल्याला वाटले, पाण्याची चाहूल घेतोय. चावी हातात तशीच होती. लोकांनी त्याच्यासोबत तीही घरी नेऊन ठेवली.

चौथ्या दिवशी मुख्याधिकारी बेळ्ळुब्बी यांनी आचारांना आत बोलावले.

"आचार, शोकसभा घ्यायला हवी. गाव तोंडात शेण घालायला बसलंय. शनिवारी ठेवू, म्हणजे अर्ध्या सुट्टीनं कर्मचारीही खूश."

"उत्तम, साहेब. प्रस्ताव मी लिहितो."

"लिहा. रडवा सगळ्यांना. फक्त 'सेवा' नको, 'नोकरी' नको, आणि वर्षं मोजू नका. पुढच्या महिन्यात कोर्टात तारीख आहे. बाकी तुम्ही आणि तुमचं संस्कृत." मग टेबलावरची एक फाईल बोटाने सरळ करत ते म्हणाले, "आणि त्याची ती चावी फोटोपाशी ठेवायला मागवून घ्या. हाराबिरासह. टेबलावर आलेली वस्तू नंतर भांडारात जाते, हे तुम्हाला सांगायला नको."

ती फाईल आचारांच्या निवृत्तिवेतनाची होती. साहेबांनी ती उघडली नाही, नुसती सरळ केली.

त्या चावीचा इतिहास आचारांएवढा कोणालाच ठाऊक नव्हता. अठ्ठावीस वर्षांपूर्वी भांडारात कारकून असताना त्यांनीच ती भरमप्पाच्या हाती दिली होती. मुठीखाली नगरपालिकेची खूण, सातचा आकडा आणि ते साल कोरलेले. वाटपाची वही पुढे वाळवीने खाल्ली. उरले ते लोखंड. भरमप्पाचा अर्ज चालवणारे वकील निडगुंदी यांनी त्याच्या बायकोला, कल्लव्वाला, बजावले होते, "ही चावी तुझ्या घरात आहे तोवर तुझा नवरा नगरपालिकेचा. दहा साक्षीदार एकीकडे, ही एकीकडे. उंबऱ्याबाहेर काढू नको."

आचार तिच्या घरी गेले ते आयुष्यात प्रथमच. कल्लव्वाने घाईघाईने घोंगडी अंथरली, मग ते बसतील की नाही या संकोचाने पुन्हा उचलली.

"बसतो, कल्लव्वा. अंथर."

ते घोंगडीवर बसले हे पाहून तिचे डोळे भरून आले. भाकरी-चटणीचे विचारण्याचे धाडस तिला झाले नाही. गुळाचा खडा आणि पाण्याचा तांब्या तिने दुरूनच पुढे सरकवला. आचार ते पाणी प्यायले. हे त्यांनी आजवर त्या वस्तीत केले नव्हते, आणि ते किती परिणामकारक ठरेल हे त्यांना पिण्यापूर्वीच ठाऊक होते.

"आयुधपूजेला भरमप्पा आपली चावी कशी सजवायचा, आठवतं ना? शनिवारी तिची तशीच पूजा करायची आहे. त्याच्या फोटोशेजारी. सगळं गाव बघेल."

ती कोपऱ्यातल्या चावीकडे पाहू लागली. "वकीलसाहेब म्हणाले, बाहेर काढू नको."

"वकील परका माणूस. ही चावी त्याच्या हातात पहिल्यांदा कोणी दिली?"

"तुम्ही. ते सारखं सांगायचे. आचारांच्या हातची आहे म्हणायचे, म्हणून गंजली नाही."

"मग? मी आहे ना."

तिने पदराने चावी पुसली आणि दोन्ही हातांनी त्यांच्यापुढे धरली. एवढे जड लोखंड ती लहान मुलाला धरावे तसे धरून होती.

शनिवारी सभागृह भरले. फोटोला शेवंतीचा हार, चावीला झेंडूचा. आचार उभे राहिले आणि त्यांनी जे वाचले त्याला तोड नव्हती. भगीरथाने गंगा एकदाच आणली, या पुरुषाने ती आठवड्यागणिक आणली, असे ते म्हणाले. पृथ्वीच्या हृदयाचे ठोके ऐकणारा कान आज मृत्तिकेत विसावला, असे म्हणाले. ज्याने तहानलेल्याची जात विचारली नाही त्याला स्वर्गात कोण काय विचारणार, असे म्हणताना त्यांचे अश्रू ओघळले. ते अश्रू खोटे नव्हते. भरमप्पा त्यांना आवडत असे, आणि आपले वाक्य त्यांना त्याहून अधिक आवडले होते. पुढच्या रांगेत कल्लव्वा हात जोडून बसली होती. त्या तीन पानांत भरमप्पा कोणाच्या कामावर होता हे कुठेच नव्हते, आणि रडणाऱ्यांपैकी एकाच्याही ते ध्यानात आले नाही.

मग दोन मिनिटांची स्तब्धता. तिच्या मध्यावर आवारातला नळ खोकला, फुरफुरला आणि भडाभडा वाहू लागला. नव्या माणसाने चुकीची झडप फिरवली होती. माना खाली, पण डोळे खिडकीकडे. शिपाई मौलासाब चवड्यांवर चालत बादली लावायला निघून गेला.

"आज पाणी कुंभार गल्लीचं," कल्लव्वा हळूच पुटपुटली. "हिकडं कसं आलं?"

"शू!" मागून कोणी तरी दटावले. "तुझ्याच नवऱ्यासाठी उभे आहोत ना आम्ही?"

नंतर चहा आणि चुरमुऱ्यांचा सुसला झाला. द्रोण रिकामे झाले तेव्हा चावी टेबलावर नव्हती.

"आचार, चावी?"

"भांडारात ठेवली, कल्लव्वा. सुरक्षित आहे. घरात लोखंड ठेवून तू काय करणार?" आणि त्यांनी तिच्या हाती काचेच्या चौकटीत बसवलेला शोकप्रस्ताव दिला. तिला वाचता येत नव्हते. तिने चौकट कपाळाला लावली.

भाद्रपदात जिल्ह्याच्या गावी तारीख पडली. साक्षीला वादिराजाचार उभे राहिले. चाव्या किती, असे विचारता त्यांनी चालू वर्षाची वही दाखवली: नऊ, आणि नऊच्या नऊ भांडारात. ते अक्षरशः सत्य होते. तेव्हा वकील निडगुंदींनी काचेची चौकट न्यायाधीशांपुढे ठेवली.

"हे तुम्हीच लिहिलंत?"

"होय."

"'आठवड्यागणिक गंगा आणली' म्हणता. कोणाच्या हुकमानं आणली? कोणाच्या नळातून?"

 मागे कल्लव्वा बसली होती. आज आचार बोलतील, मग झाले, असे तिने येताना बसमध्ये शेजारणीला सांगितले होते.

"महाराज," ते न्यायाधीशांना म्हणाले, "तो अलंकार आहे. मृताविषयी अतिशयोक्तीने बोलावे असा शिष्टाचार आहे. भगीरथही आमच्याकडे कामास नव्हता."

न्यायाधीश हसले. नगरपालिकेचे वकील मोठ्याने हसले. अर्ज फेटाळला गेला.

बाहेर लिंबाखाली ती त्यांना आडवी आली. चौकट तिच्या काखेत होती.

"आचार, हे भिंतीवर लावलं होतं मी. रोज उदबत्ती लावत होते. यातलं काहीच खरं नव्हतं?"

"कल्लव्वा, कोर्टाची भाषा निराळी असते."

"आणि रडलात ते?"

त्यांना उत्तर होते. ते रडणे खरे होते. परंतु ते सांगितल्याने तिचे काय होणार, आणि न सांगितल्याने आपले काय बिघडणार, याचा निर्णय होईपर्यंत नगरपालिकेच्या जीपने भोंगा वाजवला. ते जाऊन बसले. तिने चौकट लिंबाच्या बुंध्याला टेकवून ठेवली आणि बस गाठायला निघाली.

आश्विनात आयुधपूजा आली. भांडारात नऊ चाव्या भिंतीला टेकवून ओळीने उभ्या केल्या होत्या, आणि दर वर्षीप्रमाणे मंत्र म्हणायला आचार आले. निवृत्तीचे कागद सह्यांसह घरी पोचले होते. आठ चाव्यांना कुंकवाचे बोट लागले, झेंडू वाहिले गेले. मौलासाब सात नंबरच्या चावीपाशी अडला. तिच्या मुठीवर तळहाताच्या घासाने आलेली चकाकी होती. बाकीच्या आठ कळकट होत्या.

"आचार, हिलाही फूल?"

आचारांनी मंत्र मध्येच थांबवला नाही, तो पूर्ण केला, पळीभर पाणी सोडले, मग म्हणाले, "नगरपालिकेची वस्तू आहे. लाव."