सीलबंद डब्यातलं रबर

कसब्यात सुखदेव मिस्त्रीच्या गॅरेजला लागून माझं लेथचं दुकान. जुन्या गाड्या त्यानं उघडायच्या, न मिळणारे भाग मी कातून द्यायचे, असं आमचं वीस वर्षं चाललेलं. माणूस मुलखाचा हट्टी. २००४ साली या हट्टापायी त्याचं गॅरेज बंद पडणार, अशी मला खात्रीच वाटली. नव्या गाड्या थेट कंपनीकडे जाऊ लागल्या होत्या आणि सुखदेवच्या हातात मोठं गिऱ्हाईक उरलं होतं एकच, वाघोलीचे आप्पासाहेब.

त्यांच्या वडिलांची जुनी मॉरिस गाडी सुखदेवनं वर्षभर खपून उभी केली होती. येत्या रविवारी आप्पासाहेबांची नात निशा हिचं लग्न. खराडीत कॉम्प्युटरवर काम करणारी ही पोर स्वतः ही गाडी चालवत मंगल कार्यालयात येणार होती. ब्रेक तेवढे राहिले होते.

आप्पासाहेबांनी ब्रेकच्या सिलिंडरची रबरं खास इंग्लंडहून मागवली. डबा सीलबंद, वर गाडीच्या काळचं लेबल. सुखदेवनं एक रबर नखानं दाबून पाहिलं.

"चाळीस वर्षं डब्यात पडून वाळलंय हे. हे गोपाळराव सिलिंडरच्या आत बसणारी पितळी नळी कातून देतील, तिच्यात जीपचं नवं रबर बसवतो."

"वडिलांच्या गाडीत जीपचा माल?" आप्पासाहेब कडाडले. "हे ओरिजिनल हाय. जमत नसंल तर गाडी दुसरीकडं न्हेतो."

मी सुखदेवला बाजूला घेतलं. "अरे, बसव ना. तुझं काय जातंय?" हे वाक्य आठवलं की आजही माझी मलाच चीड येते.

त्यानं ते रबर पुन्हा एकदा दाबून पाहिलं. मग आप्पासाहेबांना म्हणाला, "बसवतो. पण गाडी इथंच उभी ठेवून निशाताईंनी शंभर वेळा ब्रेक दाबायचा. टिकला तर गाडी घेऊन जा."

रबरं बसली. आजोबांबरोबर आलेली निशा गाडीत बसली, सुखदेव मोजू लागला. दहा. वीस. पेडल घट्ट. चाळीसला आप्पासाहेब हसले. "मिस्त्री, लग्नाआधी पोरीचा पाय मोडता का काय?"

साठ झाले. मला हायसं वाटलं आणि सुखदेवचा रागही आला. त्याच्या कपाळावर मात्र घाम होता.

"एकाहत्तर."

निशाचा पाय थेट खाली टेकला. तिनं पुन्हा दाबलं. पुन्हा टेकला.

"मिस्त्रीकाका, ब्रेक लागतच नाहीये!"

मागच्या चाकाखाली ब्रेकच्या तेलाचा ओघळ आला होता. आप्पासाहेबांचा चेहरा पांढराफटक पडला. निशाचा हात धरून त्यांनी तिला गाडीतून उतरवलं. "मिस्त्री, तुमचंच बसवा," एवढंच म्हणाले आणि तिला घेऊन निघाले.

ते गेल्यावर मी सुखदेवच्या पाठीवर थाप मारली. "जिंकलास लेका!"

तो पायरीवर बसला होता.

"कसला जिंकलो, गोपाळराव? शंभर वेळा टिकलं असतं, तर रबर वाळलंय हे ठाऊक असूनही मी त्या पोरीला गाडी दिली असती."