भिंतीला ताप नाही

आण्णा लायब्ररीत शिरले की आधी चप्पल काढायचे आणि मग भिंतीवर पालथा हात ठेवायचे. आजारी पोराच्या कपाळावर ठेवतात तसा. मग माझ्याकडे वळून सांगायचे, "ताप न्हाई बघा, बाई." एवढं झालं की वर्तमानपत्र उघडून त्याच भिंतीला टेकायचे आणि घोरायला लागायचे.

आष्ट्याच्या या लायब्ररीत मी ग्रंथपाल आहे. इमारत जुनी, दगडी, जाडजूड भिंतींची, वर कौलं. वाचनालयात झोपलेली माणसं मला मुळीच खपत नाहीत. मी टेबलावर पट्टी आपटायची. ते डोळे न उघडता म्हणायचे, "जागाच हाय. अग्रलेख चाललाय." जैन माणूस, दिवस मावळायच्या आत जेवायचं असायचं. त्यामुळं तेवढ्या वेळेला मात्र न उठवता उठून घरी जायचे.

आता गंमत ऐका. या आण्णांची सिमेंटची एजन्सी होती. गिऱ्हाईक आलं की पहिला प्रश्न, "जुनं घर पाडताय व्हय? मग आधी मी बघून येतो, डागडुजीत भागतंय का." निम्मी गिऱ्हाइकं तिथंच गळायची. गावात एखादी जुनी इमारत पाडायला निघाली की आण्णा पांढरी टोपी घालून घराबाहेर पडायचे. कुठं निघालात विचारलं की उत्तर ठरलेलं, "मयताला." येताना एखादं दार नाहीतर खिडकी घेऊन यायचे. जुन्या शाळेचं एक दार त्यांनी घरच्या न्हाणीला बसवलं होतं. त्यावर 'मुख्याध्यापक. परवानगीशिवाय आत येऊ नये' हे अजून वाचता येतं.

मग आमच्याच लायब्ररीवर पाळी आली. ती पाडून तिथं काचेची, एसीची, सौर पॅनेलची पर्यावरणपूरक इमारत बांधायची असं अध्यक्षांनी बैठकीत मांडलं. खोटं कशाला बोलू, एसी म्हटल्यावर मीही मान डोलावली. आण्णाही समितीवर होते. ते म्हणाले, "म्हंजे भिंत पाडायची, राडारोडा वढ्यात टाकायचा. माझ्याकडनं सिमेंट न्यायचं. काचंतनं ऊन आत घ्यायचं. ते बाहेर काढायला एसी, आन एसीला पोसायला वर पॅनेल. आन ह्येला म्हनायचं पर्यावरन."

"आण्णा, तुम्ही सिमेंटवाले असून असं बोलता?" अध्यक्षांनी विचारलं.

"धंदा येगळा, गारवा येगळा."

सगळे हसले. पण मान्य कुणालाच झालं नाही. आण्णाही फार ताणत बसले नाहीत. पुढची बैठक आमच्या घरी घ्या, पोरानं लय झ्याक हॉल बांधलाय, काचंचा, एवढंच म्हणाले.

भर मे महिना, दुपारची वेळ. आम्ही हॉलमध्ये बसलो, पुढ्यात गरम शिरा आला आणि लाईट गेली. खिडक्या नुसत्या शोभेच्या, उघडणाऱ्या नव्हेत. शिरा गिळता गिळता अध्यक्षांचा सदरा अंगाला चिकटला. मी हात धुवायला आत गेले तर आण्णांच्या मंडळी मेन स्विचखाली स्टूल टाकून बसलेल्या. मला बघून हळूच म्हणाल्या, "शिरा संपस्तोवर लावायची न्हाई, असं सांगून ठेवलंय."

बाहेर आण्णा भिंतीवर पालथा हात ठेवून गंभीरपणे सांगत होते, "लय ताप हाय. चला, लायब्ररीत जाऊन पानी पिऊया."

लायब्ररीत आल्यावर अध्यक्ष भिंतीला टेकले, डोळे मिटले आणि घोरायला लागले. आण्णांनी त्यांच्या हातात वर्तमानपत्र सरकवलं. इमारत वाचली ती त्या दुपारी. मी स्विचचं कुणाला सांगितलं नाही.

डागडुजी निघाली. पॅनेल बसले ते पंख्यांपुरते. भिंतींना चुन्याचा गिलावा ठरला. चुन्यात गूळ घालतात म्हणून आण्णा स्वतः ढेप घेऊन आले. निम्मी भिंतीत गेली, निम्मी गवंड्यांच्या चहात. वर्तमानपत्रांच्या स्टँडमागचा कोपरा तेवढा त्यांनी करू दिला नाही. "त्यो ऱ्हाऊ द्या. माझ्यासाठी लागंल." मला वाटलं, नेहमीसारखी चेष्टा.

या थंडीत आण्णा गेले. आमच्याकडे हल्ली राख नदीत न सोडता शेतात झाडाच्या मुळाशी घालतात. रक्षाविसर्जन झालं आणि त्यांचा मुलगा तांब्याची लहानशी लोटी घेऊन लायब्ररीत आला. ओशाळून म्हणाला, "बाई, थोडी इथल्या चुन्यात घाला म्हणून सांगून गेलेत. तुमाला चालंल का?"

मी मान हलवली. गवंड्यानं चुना मळला, कोपरा लिंपला. अध्यक्ष टोपी काढून बाजूला उभे होते. त्या दुपारनंतर लायब्ररीत पाठ भिंतीला न लावता उभे राहिलेले मी त्यांना पहिल्यांदाच पाहिलं. आण्णा गेले याचं मला फार वाईट वाटलं, आणि हसूही आवरेना.

आता उन्हाळा लागलाय. दुपारी त्या कोपऱ्याला टेकून कुणी ना कुणी घोरत असतं. पट्टी टेबलाच्या खणात पडून आहे. मी उठवत नाही.