टिक काढली तरी

पौर्णिमा आमच्या बालाघाटच्या ऑफिसात फॉर्म बनवते. कागदाचे नाही, कंप्युटरवरचे. आमची कंपनी खाजगी दवाखान्यांना माणसं पुरवते आणि कामावर घेताना प्रत्येकाची मूळ मार्कशीट कपाटात ठेवून घेते. चावी मालकांकडे, मोतीलालजींकडे. मी तिच्या शेजारी बसून पत्रव्यवहार बघतो. माझीही मार्कशीट त्याच कपाटात आहे, तेव्हा मी कुणाला शहाणपण शिकवू नये हेच बरं.

दर फेब्रुवारीत सगळ्यांनी एक फॉर्म भरायचा. त्यात एक चौकट: 'पुढचं वर्ष काम करण्यास तयार.' टिक आधीच लावलेली. ज्याला जायचं असेल त्यानं ती काढायची, म्हणजे एप्रिलमध्ये मार्कशीट परत. हा फॉर्म तीन वर्षांपूर्वी, नवी असताना, पौर्णिमानंच बनवला.

मागच्या वर्षी आमचे चपराशी चैतराम तिच्याकडे आले. रामपायलीच्या शाळेत त्यांना काम मिळत होतं.

"मॅडम, मी टिक काढलती. तरी राहणाऱ्यांच्या यादीत माझं नाव काहून आलं?"

"काका, तुमच्याकून राहून गेली असन," ती स्क्रीनवरची नजर न काढता म्हणाली. मी हसलो. काका कप उचलून निघून गेले. मार्कशीट न मिळाल्यानं शाळेचं कामही गेलं.

यंदा लामत्याच्या शाळेत पौर्णिमाची शिक्षिका म्हणून निवड झाली. बारा एप्रिलला मूळ कागद दाखवायचे होते. तिनं टिक काढली, दोनदा तपासली, मलाही दाखवली. एक एप्रिलला कामावर राहणाऱ्यांची यादी लागली. त्यात तिचं नाव होतं.

ती मला सोबत घेऊन विचारायला गेली, तेव्हा मोतीलालजींनी आवाजसुद्धा चढवला नाही. "बेटा, कंप्युटर में तो हाँ है. बनाया भी तूने ही है."

ती जागेवर येऊन आपलाच कोड उघडून बसली. चौकटीत टिक असली तर फॉर्मासोबत 'हो' जातं. नसली तर 'नाही' जात नाही, काहीच जात नाही. फॉर्म बनवताना तिनं मालकांना विचारलं होतं, काहीच आलं नाही तर काय धरायचं? ते म्हणाले होते, मागच्या वेळचं धर. आणि कामावर येताना 'हो' तर प्रत्येकानंच म्हटलेलं असतं. तिनं ती ओळ लिहिली आणि विसरून गेली.

"मधुकरभाऊ, याच्यातून कोणी निंघूच शकत नाही," ती मला म्हणाली. "मीच तसं करून ठेवलं."

बारा तारखेला ती रोजच्यासारखी कामावर आली. तिच्याकडे बघवत नव्हतं. मला मोतीलालजींचा राग आला होता, आणि त्याहून जास्त स्वतःचा, कारण त्यांच्यासमोर मी तोंडातून चकार शब्द काढला नव्हता. दुपारी चैतराम चहा घेऊन आले. पौर्णिमा खुर्चीवरून उठली.

"काका, मागच्या वर्षी तुमी टिक काढलती."

"हौ. मी तं तवाच सांगतलं होतं."

त्यांनी कप तिच्यापुढे ठेवला आणि हळूच विचारलं, "तुमची बी शाळा गेली काय?"